उसातला गांजा आणि बंदीची खतावणी

आमच्या बेळगावच्या सीमाभागातल्या पेपरात एक बातमी ठरलेली असते. फक्त गावाचं नाव बदलतं. कधी अथणीकडचं, कधी रायबागकडचं, कधी हुक्केरीचं. 'उसाच्या फडात गांजाची लागवड, एकास अटक, लाखोंचा माल जप्त.' फोटोत मान खाली घातलेला एक शेतकरी, मागे पोलिसांची रांग आणि पुढ्यात तोडलेल्या हिरव्या झाडांचा भारा.

निपाणीत चहाच्या टपरीवर ही बातमी वाचली गेली की दोन वाक्यं हमखास येतात. पहिलं, "बरं झालं, आत टाका त्याला." दुसरं थोडं हळू आवाजात, "एवढे लाख? आमच्या उसाला का गा मिळत नाहीत?"

पहिलं नीतीचं झालं. दुसरं अर्थशास्त्राचं आहे आणि त्याला कोणी नीट उत्तर देत नाही. मी व्यापाऱ्यांच्या वह्या लिहिणारा माणूस. कुठल्याही गोष्टीला जमेची आणि खर्चाची अशा दोन बाजू असतात, एवढंच मला शिकवलेलं. नशेच्या पदार्थांवर बंदी घातली की जमेच्या बाजूला काय पडतं हे सगळे सांगतात. जप्तीचे आकडे छापून येतात. खर्चाचं पान मात्र कोणी उघडत नाही. हा लेख त्या पानाबद्दल आहे.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ

भांग, गांजा आणि चरस ही तीन वेगळी झाडं नाहीत. एकाच झाडाची पानं वाटली की भांग, शेंड्याचा फुलोरा वाळवला की गांजा आणि त्याचा चिकट राळेसारखा भाग काढला की चरस.

आपल्याकडे यासाठी १९८५ चा कायदा आहे, अमली पदार्थांचा. पोलीस आणि वकील त्याला 'एनडीपीएस' म्हणतात, आपणही तेच म्हणू. गंमत अशी की या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फक्त फुलोरा किंवा फळं आलेले शेंडे. शेंड्यांशिवायची नुसती पानं आणि बिया त्यात येत नाहीत. म्हणून महाशिवरात्रीची भांग या कायद्याबाहेर राहते. कर्नाटक उच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये एका जामीन अर्जावर हेच सांगितलं. उलट त्याच झाडाचा वरचा वीतभर भाग खिशात सापडला तर तुरुंग.

शिक्षा वजनावर ठरते. गांजासाठी तीन पायऱ्या आहेत. एक किलोच्या आत 'अल्प प्रमाण', त्याला एक वर्षापर्यंत शिक्षा. वीस किलोच्या वर 'व्यापारी प्रमाण', त्याला किमान दहा, कमाल वीस वर्षं. मधल्यांना दहा वर्षांपर्यंत. लागवडीला मात्र अशा पायऱ्या नाहीत. थोडी लावा की जास्त लावा, दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. आणि फडातून उपटलेलं झाड पोलीस मुळापासून शेंड्यापर्यंत तागडीत घालतात. मग त्यातला 'गांजा' किती आणि देठ-पाला किती, यावर कोर्टात वर्षानुवर्षं वाद चालतो.

हा कायदा आकाशातून पडला नाही. १९६१ साली जगातल्या देशांनी एक करार केला, त्यात गांजा बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत होती. ती संपत आली तेव्हा आपण कायदा केला. त्याआधी कित्येक राज्यांत गांजाची परवानाधारक दुकानं होती. आणखी मागे गेलं तर १८९३-९४ साली इंग्रजांनी याच विषयावर एक आयोग नेमला होता. हजाराहून जास्त साक्षी घेऊन त्याने लिहिलं की सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही, त्यापेक्षा कर लावा आणि नियंत्रण ठेवा. इंग्रजांना महसूल हवा होता हे खरं. पण आयोगाने मेहनत केली होती, हेही खरं.

मग 'एवढे लाख' येतात कुठून?

झाड म्हणून गांजाला काही मोल नाही. बांधावर आपसूक उगवेल असं ते रोप आहे. पिकवायला लागणारा खर्च बघितला तर वाळलेला गांजा आणि वाळलेली मेथी यांच्या भावात फार फरक पडायचं कारण नाही.

फरक पडतो तो जोखमीमुळे. शेतातून गिऱ्हाइकापर्यंत माल जाताना प्रत्येक हाताला तुरुंगाची भीती असते आणि तो हात त्या भीतीचे पैसे लावतो. याला आपण 'जोखमीचं भाडं' म्हणू. गांजाच्या किमतीत माल थोडा असतो, भाडंच जास्त असतं.

बेळगावकराला हे समजावून सांगायची गरज नाही. गोव्यात दारूवरचा कर कमी, आपल्याकडे जास्त. बाटली तीच, कंपनी तीच, पण चोर्ला घाट चढून कणकुंबीला आली की तिचा भाव बदलतो. घाटाने बाटलीत एक थेंब वाढवलेला नसतो. मधल्या नाक्यामुळे तो फरक पडतो. चोर्ल्यात तपासणी कडक झाली की गाड्या अनमोडकडून लोंढ्याला उतरतात, नाहीतर तिलारी-चंदगडकडून शिनोळीला निघतात. रस्ता लांबला, जोखीम वाढली, भाडं वाढलं. म्हणजे पोलिसांनी काम चोख केलं तर उरलेल्या मालाचा भाव चढतो आणि चढलेला भाव नव्या माणसाला धंद्यात ओढतो. चोर पकडला तर चोरी कमी होते. व्यापारी पकडला तर मात्र त्याची जागा रिकामी होते, गिऱ्हाईक तिथेच उभं असतं.

या भाड्यात शेतकऱ्याचा वाटा किती? सगळ्यात कमी. भाडं साखळीत पुढे पुढे वाढत जातं आणि तो पहिल्याच कडीला असतो. पेपरातले लाख हे बहुधा शहरातल्या पुडीच्या किरकोळ दराने लावलेले असतात, फडातल्या माणसाला ते कधी दिसतही नाहीत. मग तो या फंदात का पडतो? ऊस पुरुषभर उंच वाढला की आत काय आहे हे बांधावरून दिसत नाही, हे एक. दुसरं म्हणजे उसाचं बिल चौदा दिवसांत द्यावं असा १९६६ पासूनचा नियम असूनही ते कधी मिळेल याची खात्री नसते. आणि कोणीतरी बी आणून देतो, माल रोख उचलीन म्हणतो. मी याचं समर्थन करत नाही. पण टपरीवरच्या त्या प्रश्नाचं उत्तर हे आहे: ते लाख त्यालाही मिळत नाहीत, गा. त्याला फक्त कलम मिळतं.

कोगनोळीच्या नाक्यावर दहा महिने

बंदी बाजाराचं काय करते याचा एक प्रयोग आमच्या डोळ्यांदेखत झाला आहे आणि तो गांजाचा नाही, गुटख्याचा आहे.

जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली. कर्नाटकाने घातली मे २०१३ च्या अखेरीस. मधले दहा महिने काय स्थिती होती बघा. निपाणीत गुटखा दुकानात टांगलेला, कायदेशीर. कोगनोळीचा नाका सोडून दूधगंगा ओलांडली, महाराष्ट्रातलं कागल आलं की तीच पुडी गुन्हा. अंतर एका चहाचं. माझी वही सांगते की माल नेहमी स्वस्त बाजूकडून महाग बाजूकडे वाहतो, पाण्यासारखा, आणि मध्ये फळी घातली तर तो फळीची किंमत घेऊन वाहतो.

मग कर्नाटकातही बंदी आली. तेव्हा पुडीच फुटली: एका पुडीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. दोन्ही वेगवेगळ्या विकल्या, गिऱ्हाइकाने तळहातावर एकत्र केल्या. गुटखा कुठे आहे? कुठेच नाही. तोंडात मात्र आहे. आणि हे निपाणीत, जिथे तंबाखू हेच पीक, हीच मजुरी. १९८१ साली तंबाखूला भाव मागताना शेतकऱ्यांनी इथे पोलिसांच्या गोळ्या खाल्ल्या. त्या तंबाखूने देशात दरवर्षी तेरा लाखांच्या आसपास माणसं मरतात आणि ती बाजारात उजळ माथ्याने असते. कुठला पदार्थ 'अमली' आणि कुठला 'नगदी पीक', हे फक्त त्याच्या विषावर ठरत नाही, एवढंच इथे नोंदवून ठेवतो.

डिकीत जागा कमी असते

आता जरा आडवळणाने जाऊ. गोव्याहून चोरून येणाऱ्या गाडीत बिअरचे खोके कमी आणि व्हिस्की-रमच्या बाटल्या जास्त का असतात? पकडलं तर शिक्षा दोन्हीला तीच, डिकीतली जागाही तेवढीच. मग थोड्या जागेत जास्त नशा मावेल असाच माल माणूस भरणार. बंदी कडक झाली की बाजारातला सौम्य माल नाहीसा होतो आणि जहाल माल उरतो तो याच कारणाने.

आमच्या आज्या-पणज्यांनी हे एकदा बघितलं आहे. १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं आणि मुंबई राज्यात १९५० पासून पूर्ण दारूबंदी होती. पलीकडे गोवा पोर्तुगिजांचा, तिथे बंदी नाही. त्या काळातल्या मराठी घरांत दोन शब्द रुळले: 'पावशेर' आणि 'हातभट्टी'. काळा गूळ, नवसागर, पत्र्याचा डबा. सरकारमान्य दुकान बंद झालं की त्याच्या जागी जे येतं त्यावर ना मोहोर असते, ना मोजमाप.

कर्नाटकाने १ जुलै २००७ पासून सारायी, म्हणजे स्वस्त सरकारी अर्क बंद केला. मजुराची ती दारू होती आणि त्या मजुराच्या बायकोची बंदीची मागणी अगदी खरी होती. पण पुरतं वर्षही झालं नव्हतं तेव्हा, मे २००८ मध्ये, बेंगळुरू आणि तमिळनाडूच्या सीमेवरच्या भागात मिथाईल मिसळलेली दारू पिऊन दीडशेच्या आसपास माणसं गेली. मिथाईल हे कारखान्यात वापरायचं रसायन. दिसायला दारूसारखं, पोटात गेलं की आधी डोळे घेतं. (परवान्याच्या दुकानांच्या काळातही विषारी दारूने माणसं मेली आहेत, १९८१ साली बेंगळुरूत तर तीनशेवर. तेव्हा सगळा दोष बंदीचाच, असं मी म्हणत नाही.) बिहारमध्ये २०१६ पासून दारूबंदी आहे. डिसेंबर २०२२ मध्ये तिथल्या सारण जिल्ह्यात सत्तरहून जास्त लोक असेच मेले.

सरकारी पान

सरकारचा खर्च पटकन सांगतो, कारण तो समजायला सोपा आहे. धाड, पंचनामा, नमुने, फॉरेन्सिक लॅबचा अहवाल, मुद्देमालाची खोली, तो नष्ट करायची प्रक्रिया, सरकारी वकील, साक्षीला हजर राहणारा फौजदार, हिंडलग्याच्या तुरुंगात कैदी नेणारी-आणणारी गाडी. यातली एकही गोष्ट फुकट नाही आणि प्रत्येक गोष्टीला लागलेला पोलीस दुसऱ्या कुठल्या तरी तपासातून काढलेला असतो.

देशात एनडीपीएसचे गुन्हे आता वर्षाला लाखाच्या वर नोंदले जातात. त्यातले खूपसे जवळ बाळगल्याचे किंवा ओढल्याचे असतात, विकल्याचे नव्हे. बिहारच्या दारूबंदीबद्दल बोलताना तेव्हाचे सरन्यायाधीश रमणा यांनी डिसेंबर २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं की या कायद्यामुळे तिथली न्यायालयं जामीन अर्जांनी तुंबली आहेत. पुढच्याच वर्षी बिहारने पहिल्यांदा पिताना सापडलेल्याला दंड घेऊन सोडायची सोय केली.

आणि जमेत काय येत नाही तेही मोजा. कर्नाटकाला दारूच्या करातून वर्षाला तीस हजार कोटींहून जास्त मिळतात. चोरट्या मालावर कर शून्य. त्याचा 'कर' नाक्यावरच्या कुणाच्या तरी खिशात जातो. (नाव घेत नाही, वाचणाऱ्याला कळतं.)

घराचं पान

बेळगावात पहाटे कॅम्पातून फिरायला गेलात तर पळणारी पोरं दिसतील. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथे, त्यामुळे खानापूर, चंदगड, गडहिंग्लज भागातल्या कित्येक घरांचं स्वप्न एकच असतं: भरती. त्यातल्या एका वीस वर्षांच्या पोराकडे समजा पन्नास ग्रॅम गांजा सापडला. हे कल्पनेतलं पोर आहे, पण तुमच्या गल्लीत ते तुम्हाला सहज सापडेल.

कायद्याने हे अल्प प्रमाण. जामीन लवकर होईल, कदाचित दंडावर सुटेलही. मग नुकसान कशाचं? पोलीस पडताळणीचं. भरतीला चारित्र्याचा दाखला लागतो, आखातात जायचं तर पोलिसांचं प्रमाणपत्र लागतं. तिथे 'गुन्हा प्रलंबित' असं एक वाक्य पुरतं. पन्नास ग्रॅमने त्या पोराच्या फुफ्फुसाचं केलं असतं त्यापेक्षा त्या एका वाक्याने आयुष्याचं जास्त वाटोळं होतं. शिक्षा कायद्यात लिहिली आहे त्याहून मोठी आहे आणि ती लिहिलेली नाही.

वर वकिलाची फी, तारखेला बुडालेली मजुरी, पतसंस्थेत ठेवलेलं आईचं गंठण. आणि आमच्या भागाचं एक खास दुखणं: फिर्याद, पंचनामा, नोटीस, सगळं कन्नडमध्ये. ज्या घरात तिन्ही पिढ्या मराठी शाळेत शिकल्या, तिथे पोराने काय कबूल केलं आहे हे शेजारच्याकडून वाचून घ्यावं लागतं. भाषेच्या राजकारणात मी इथे शिरत नाही. पण हा खर्च बहुतेक जिल्ह्यांत लागत नाही, म्हणून नोंद.

वजन वीस किलोच्या वर असल्याचा आरोप असेल तर गोष्टच वेगळी. एरवी साठ किंवा नव्वद दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामिनाचा हक्क मिळतो, इथे मुदत १८० दिवसांची. शिवाय कलम ३७ म्हणतं की आरोपी निर्दोष असावा असं मानायला सबळ कारण आहे, याची न्यायाधीशाला खात्री पटली तरच जामीन. म्हणजे खटला चालायच्या आधीच खटला जिंकायचा. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा एका गांजाच्या आरोपीला जामीन दिला, तेव्हा तो निकालाविना सात वर्षांहून जास्त आत होता. आत गेला तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता.

सगळ्यात महाग नोंद: ज्याने नशा केलीच नाही तो

आता ज्याचा गांजाशी काडीचा संबंध नाही अशा माणसाकडे येऊ. तोंडाच्या कॅन्सरचा शेवटच्या टप्प्यातला रुग्ण. आमच्या पट्ट्यात असा माणूस ओळखीत नसलेलं घर विरळा. त्याला ज्या वेदना होतात त्यांना साध्या गोळ्या पुरत नाहीत. त्यावर दोनशे वर्षांचं जुनं, स्वस्त औषध आहे: मॉर्फिन. ते अफूपासून बनतं.

अफू आपल्याकडे पिकते, सरकारी परवान्याने, मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात. गाझीपूरचा अफूचा कारखाना १८२० पासून चालू आहे. औषधासाठी अफूचा चीक काढून तो परदेशी पाठवणारा आपण जगातला जवळजवळ एकमेव देश.

आणि याच देशात १९८५ नंतरच्या बारा वर्षांत मॉर्फिनचा वैद्यकीय वापर जवळपास ९७ टक्क्यांनी घसरला. वेदना कमी झाल्या नव्हत्या. झालं असं की नव्या कायद्याखाली प्रत्येक राज्याने आपापले नियम केले. मॉर्फिन ठेवायला एक सोडून चार-पाच परवाने, वेगवेगळ्या खात्यांचे, प्रत्येकाची मुदत वेगळी. शेवटचा हातात येईपर्यंत पहिला संपलेला. आणि नोंदवहीत चूक झाली तर त्या काळी थेट दहा वर्षांची शिक्षा डोक्यावर. कुठला दवाखाना या भानगडीत पडेल? औषधाची दुकानं आणि रुग्णालयं यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. डॉक्टरांची एक अख्खी पिढी ते न वापरता शिकली. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला तेव्हा कुठे २०१४ मध्ये कायदा दुरुस्त होऊन एकच परवाना पुरेसा झाला.

म्हणजे एकोणतीस वर्षं. या काळात किती माणसं ओरडत गेली याची कुठे नोंद नाही, कारण वेदनेचा पंचनामा होत नाही. चोरट्या बाजाराला कायद्याने जेमतेम ओरखडा काढला. दवाखान्यातलं औषध मात्र समूळ उपटलं, कारण दवाखाना कायदा पाळतो. बंदीचा मार नेहमी आधी कायदा पाळणाऱ्यावर बसतो, हे मला या विषयात सगळ्यात जास्त खटकतं.

"म्हणजे गांजा किराणा दुकानात ठेवायचा?"

नाही. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. 'कायदेशीर करणं' म्हणजे दुकान, परवाना, कर. 'गुन्ह्यातून वगळणं' म्हणजे वापरणाऱ्याला तुरुंगात न टाकणं. विकणाऱ्याला पकडायचं ते पकडायचंच. हेल्मेट न घालणं चूक आहे, त्याला दंड आहे, पण त्यासाठी पोराला हिंडलग्याला पाठवत नाहीत.

ज्या पोर्तुगालने गोव्यावर साडेचारशे वर्षं राज्य केलं, त्याने २००१ पासून हाच मार्ग धरला. सुमारे दहा दिवसांच्या वापराइतका माल सापडला तर फौजदारी खटला नाही. माणूस एका समितीपुढे जातो, तिथे समुपदेशक असतो, गरज असेल तर उपचाराला पाठवतात. तिथे नशा संपली नाही, पण जादा डोसने मरणारे आणि सुयांमधून एचआयव्ही होणारे कमी झाले.

मात्र नुसतं वगळून भागत नाही, याचाही दाखला आहे. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२० मध्ये पोर्तुगालचं अर्धंच उचललं. तुरुंग काढला, उपचाराची सोय वेळेत उभी केली नाही. रस्त्यावर उघड नशा वाढल्याची ओरड झाली आणि २०२४ मध्ये त्यांनी माल बाळगणं पुन्हा गुन्हा ठरवलं. थायलंडने २०२२ मध्ये गांजा एका झटक्यात मोकळा केला, दुकानांचं पेव फुटलं आणि तीन वर्षांत परत डॉक्टरच्या चिठ्ठीवर आणावा लागला. बांध फोडायचा तर आधी पाट काढावा लागतो.

"धाक गेला तर पोरं बिघडतील"

हा आक्षेप मी हसण्यावारी नेत नाही. केंद्र सरकारने एम्सकडून करून घेतलेल्या आणि २०१९ मध्ये आलेल्या पाहणीत देशातले १४.६ टक्के लोक दारू पिणारे निघाले आणि भांग-गांजा-चरस मिळून २.८ टक्के. कोणी म्हणेल, बघा, जे मोकळं आहे ते पाचपट, म्हणजे बंदीचा उपयोग आहे. यात तथ्य आहे. माल महाग आणि अवघड असला की काही लोक त्याच्या वाटेला जात नाहीत.

पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे. भांग घेणारे दोन टक्के, गांजा-चरस घेणारे १.२ टक्के. एक या कायद्याबाहेर, दुसऱ्याला वीस वर्षांपर्यंतची शिक्षा, झाड तेच. मोकळ्या भांगेने कुठलं गाव बुडालेलं मी तरी पाहिलं नाही. धाकाचा परिणाम आहे, पण आपण समजतो तेवढा नाही.

गांजा निरुपद्रवी आहे असंही कोणी समजू नये. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यात स्मरण आणि अभ्यास बिघडतो, काहींना भास होतात, संशयाचं वेड लागतं. आमच्याकडे चेष्टेत म्हणतात, "ह्याला धारवाडला न्यायला पाहिजे." तिथे मानसोपचाराचं जुनं सरकारी रुग्णालय आहे. पण धारवाडला न्यायचं असेल तर आधी घरच्यांना उघड बोलता आलं पाहिजे, आणि गुन्हा म्हटलं की पहिलं काय होतं? लपवणं.

"दारू मोकळी आहे म्हणून काय सुख लागलं?"

हा प्रश्न बायका विचारतात आणि त्यांना विचारायचा अधिकार आहे. कर्नाटकातल्या बायका जानेवारी २०१९ मध्ये दारूबंदीसाठी चित्रदुर्गाहून बेंगळुरूपर्यंत चालत गेल्या होत्या. पलीकडे महाराष्ट्रात गावोगाव 'आडवी बाटली'ला, म्हणजे दारूचं दुकान बंद करायला, मतं पडली. परवाना दिला की सरकारच करावर पोसलं जातं आणि मग सरकारलाच ती चटक सुटत नाही.

चंद्रपूरचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखं आहे. बायकांच्या मोठ्या आंदोलनानंतर २०१५ मध्ये तिथे दारूबंदी झाली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. कारण दिलं की चोरटी दारू वाढली, बायका-मुलंही वाहतुकीत ओढली गेली. शेजारच्या गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे आणि तिथे काम करणारे डॉ. अभय बंग सांगतात की गावं संघटित असतील तर बंदी पिणं नक्की कमी करते. मला दोघांचंही पटतं. गाव स्वतः उठून भट्टी मोडतं तेव्हा नाक्यावरच्या हप्त्याचा प्रश्न उरत नाही. वरून आलेल्या हुकुमाला तो लगेच चिकटतो.

घरात किंवा गल्लीत असं झालं तर

एनडीपीएसमध्येच कलम ६४ अ आहे, वकीलही ते क्वचित सांगतात. व्यसनी माणूस फक्त सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या आरोपात असेल आणि स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर त्याच्यावरचा खटला टळू शकतो. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते.

अंगझडती घेण्याआधी राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती मागायचा हक्क आहे, कलम ५० प्रमाणे. हा हक्क अंगाच्या झडतीला आहे, पिशवी किंवा गाडीला नाही.

व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा फुकट नंबर १४४४६. तिथे नाव न सांगताही बोलता येतं.

आणि ठाण्यात पुढे केलेला कागद कन्नडमध्ये असेल तर तो वाचता येणारं माणूस सोबत न्या. त्याने वाचून दाखवेपर्यंत पोराला सही करू देऊ नका.